‘इको-फ्रेंडली’ गणपती: पाटी काय विकते, बादली काय सांगते

आषाढ संपत आला की पेण, हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांतून मूर्तींनी भरलेले टेम्पो शहरांकडे निघतात आणि नाक्यानाक्यावर स्टॉल उभे राहतात. बहुतेक स्टॉलवर आता एक हिरवी पाटी दिसते. कोपऱ्यात एखादं पान काढलेलं आणि मजकूर ठरलेला: ‘इको-फ्रेंडली मूर्ती मिळतील’. पाटीखाली मांडलेल्या मूर्तींत शाडूच्या किती, प्लास्टरच्या किती आणि दोन्ही मिसळून केलेल्या किती, याचा पाटीवर पत्ता नसतो. तरीही पाटी आपलं काम चोख करते, कारण चालता माणूस थांबतो.

ग्रीन मार्केटिंगमुळे, म्हणजे पर्यावरणाचं नाव घेऊन केलेल्या विक्रीमुळे, लोकांची पसंती बदलते का आणि किती बदलते, हे पाहायला याहून चांगला बाजार शोधून सापडणार नाही. सेंद्रिय म्हणून घेतलेली डाळ खरंच बिनफवारणीची होती का, ‘कंपोस्टेबल’ पिशवी कचरा डेपोवर कुजली का, हे विकत घेणाऱ्याला बहुधा कधीच कळत नाही. गणपतीचं तसं नाही. मूर्ती घरी येते, आणि दीड, पाच, सात नाहीतर दहा दिवसांनी तोच माणूस ती स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडतो. विरघळली की नाही ते घरातली लहान मुलंसुद्धा पाहतात. पुढच्या वर्षी त्याच दुकानात जायचं की नाही, हे बरेचदा घरच्या विसर्जनाच्या बादलीपाशीच ठरतं. म्हणून या धंद्यात पोकळ हिरवा दावा फार तर एक हंगाम चालतो, आणि घरी पडताळून पाहता येईल असा दावा वर्षानुवर्षं गिऱ्हाईक आणतो.

विचारतात शाडू, उचलतात प्लास्टर

‘शाडूची आहे ना?’ हा प्रश्न आता जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक विचारतो. विचारून झालं की डोळे मात्र शेजारच्या मूर्तीकडे वळतात. तिची बोटं नाजूक असतात, सोंडेची वळणं बारीक असतात, आशीर्वादाचा हात छान उचललेला असतो, मुकुटावर खडे चमकतात. ती मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची, म्हणजे पीओपीची असते. यात गिऱ्हाइकाचा ढोंगीपणा नाही. दोन पदार्थांच्या स्वभावातलाच हा फरक आहे.

पीओपी म्हणजे साधारण 150 अंश सेल्सिअसला भाजून अर्धवट पाणी काढून टाकलेलं जिप्सम. पुन्हा पाणी मिसळलं की अर्ध्या तासाच्या आत ते घट्ट होतं. त्यामुळे एकाच साच्यातून दिवसाला भरपूर मूर्ती निघतात, त्या पोकळ आणि हलक्या असतात, आणि साच्यातली बारीकसारीक नक्षी जशीच्या तशी उमटते. शाडू साच्यात हाताने दाबून बसवावी लागते. दोन भाग पातळ शाडू लावून जोडायचे, सांधे बोटाने लिंपायचे आणि मग सावलीत वाळवायचं. कोकणात नेमकं त्याच वेळी हवेत पाणी भरलेलं असतं, त्यामुळे वाळायला आठवडा-दोन आठवडे सहज जातात. घाई करून उन्हात किंवा हॅलोजनखाली ठेवली तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि मानेपाशी किंवा हाताच्या सांध्यावर तडा जातो. त्यात शाडू बहुतांशी गुजरातेतून, भावनगरकडून येते, म्हणजे वाहतुकीचा खर्च आलाच. वाटेत होणारी मोडतोड वेगळीच. या सगळ्यामुळे त्याच उंचीची शाडूची मूर्ती बहुतेक ठिकाणी पीओपीच्या दीडपट ते दुप्पट भावाने जाते.

थोडक्यात, हिरवी पाटी गिऱ्हाइकाला सांगते की जास्त पैसे दे, जड वस्तू घे, ती जपून ने आणि थोडी कमी नाजूक असली तर चालवून घे. नुसत्या ‘पर्यावरण वाचवा’वर इतकं सगळं कोण मान्य करेल? तरीही शाडू घेणारे आहेत, आणि ते का घेतात हे समजलं तर विकणाऱ्याचं अर्धं काम होतं.

शाडूकडे माणूस वळतो त्याची कारणं बहुतेक वेळा पर्यावरणाच्या बाहेरची असतात. पूजा पार्थिव मूर्तीची, म्हणजे मातीच्या मूर्तीची करायची, ही भावना जुन्या घरांत पक्की आहे. तिथे ‘इको-फ्रेंडली’पेक्षा ‘पारंपरिक मातीची’ हे शब्द जास्त चालतात. दुसरं कारण सोय. घरच्या घरी विसर्जन झालं की गर्दी नाही, ट्रॅफिक नाही, पावसात म्हाताऱ्या माणसांना घाटावर न्यायला नको. तिसरं, घरातली मुलं. शाळेत शाडूची कार्यशाळा करून आलेलं पोर स्टॉलवर आईबापांना जे सुनावतं, ते कुठल्याही जाहिरातीला जमत नाही. आणि चौथं, शेजारी.

या चौथ्या कारणावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका हॉटेलात केलेला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला. बाथरूममध्ये ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ अशी पाटी लावली तेव्हा सुमारे 35 टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले. ‘बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर हा आकडा 44 टक्क्यांवर गेला. पुढच्या फेरीत ‘याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे’ असं लिहिलं आणि तो 49 टक्क्यांपर्यंत पोचला. शेजारचा माणूस जितका जवळचा, तितका परिणाम जास्त. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘बी विंगमधल्या नऊ घरांनी यंदा बादलीत विसर्जन केलं’ हा फोटोसकट आलेला एक निरोप पृथ्वीचं चित्र असलेल्या दहा फ्लेक्सना भारी पडतो तो याच कारणाने. फक्त आकडा खरा हवा. खोटा आकडा त्याच ग्रुपवर पाच मिनिटांत उघडा पडतो.

मांडणीचाही मोठा भाग असतो. अनेक दुकानांत शाडूच्या मूर्ती एका कोपऱ्यात ‘इको’ म्हणून वेगळ्या ठेवतात, तेही खालच्या फळीवर, रंगकाम अर्धवट राहिलेलं. याने गिऱ्हाइकाला न सांगता कळतं की ही तडजोड आहे. त्यापेक्षा शाडूच्या मूर्ती डोळ्यांच्या उंचीवर ठेवाव्यात आणि शाडूला शोभणारे आकार निवडावेत. मांडी घालून बसलेली, हात शरीराला लागून असलेली, पाटाशी भक्कम टेकलेली, नऊ ते पंधरा इंचांची मूर्ती शाडूत सुंदर दिसते. नाचणारा गणपती शाडूत करायला गेलं तर सांध्यांत तार आणि काथ्या भरावा लागतो, आणि ते सगळं विसर्जनाच्या दिवशी बादलीच्या तळाशी सापडतं. आखणीवर, म्हणजे डोळ्यांच्या रेखणीवर, पैसे वाचवू नयेत. गिऱ्हाईक मूर्तीचे डोळे पाहून मूर्ती ठरवतो, माती नंतर विचारतो.

स्टॉलवरच ओळखायची कशी

मूर्ती उचला. सारख्या आकाराच्या दोन मूर्तींत शाडूची स्पष्ट जड लागते. मागच्या बाजूला बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. पीओपीचा आवाज कोरडा आणि टणटणीत येतो, शाडूचा बोदा. मग मूर्ती आडवी करून तळ पाहा. तळाला रंग नसतो, म्हणून खरं तिथे दिसतं. शाडूचा तळ राखाडी किंवा करडा असतो, पीओपीचा पांढरा. अलीकडे तळालाही करडा हात मारलेला दिसतो, तेव्हा नखाने थोडं खरवडायचं. आतून खडूसारखी पांढरी भुकटी निघाली तर पुढे काही विचारायची गरज नाही.

सगळ्यांत खात्रीची परीक्षा पाण्याची. तळाच्या बिनरंगी जागेवर पाण्याचे दोन थेंब सोडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. शाडू पाणी पिते, गडद होते आणि बोट फिरवलं की गुळगुळीत चिखल सुटतो. पीओपीही पाणी शोषतं, पण बोटाला चिखल लागत नाही. ही चाचणी करू द्यायला जो विक्रेता तयार नसतो, त्याची पाटी कितीही हिरवी असली तरी निघालेलं बरं.

मिश्रण ओळखणं अवघड आहे. काही ठिकाणी शाडूला ताकद यावी म्हणून त्यात पांढरा गोंद किंवा थोडं प्लास्टर घालतात. अशी मूर्ती थेंबांच्या परीक्षेत जेमतेम पास होते आणि बादलीत दोन दिवस तशीच बसून राहते. म्हणून प्रश्न ‘शाडूची आहे का?’ असा विचारू नका. ‘शाडूत आणखी काय मिसळलंय?’ असा विचारा, आणि उत्तर पावतीवर लिहून मागा. पावतीवर ‘शाडू, मिश्रण नाही’ एवढे शब्द लिहायची वेळ आली की बरेच जण खरं बोलू लागतात.

रंगाबाबत दोन दावे हमखास असतात. ‘शिसेविरहित रंग’ हा पहिला. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. म्हणजे कायद्याने जे करणं भागच आहे तेच विशेष गुण म्हणून मिरवायचं. असला दावा खोटा नसतो, पण त्यातून काही कळतही नाही. दुसरा दावा ‘नैसर्गिक रंग’. गेरू, हळद, मुलतानी माती यांचे रंग मंद आणि बिनचमकीचे असतात. झगझगीत गुलाबी पितांबर आणि धातूसारखी चमक असलेला सोनेरी मुकुट दाखवून कोणी नैसर्गिक रंग सांगत असेल तर ते विचारण्यासारखं आहे. विसर्जनाच्या दृष्टीने रंग कुठला यापेक्षा थर कसा हे जास्त महत्त्वाचं. ऑइल पेंट किंवा वार्निशचा जाड हात दिला की मूर्तीभोवती पाणी न शिरणारी साल तयार होते. आत अस्सल शाडू असली तरी पाणी पोचत नाही, आणि शेवटी रंगाची ती साल सापाच्या कातीसारखी बादलीत तरंगते.

बादलीत काय होतं

बादली मूर्तीपेक्षा किमान चार बोटं खोल हवी, मुकुटावरून पाणी गेलं पाहिजे. हार, फुलं, दुर्वा, कापडी फेटा, खडे, जानवं हे सगळं आधी काढून घ्यायचं. मूर्ती हलकेच सोडायची आणि मग हात लावायचा नाही. ढवळलं की वरचा मऊ थर निघतो, पण आतला गाभा गोळा होऊन बसतो.

पातळ भिंतींची, नीट वाळलेली छोटी मूर्ती काही तासांत बसते. भरीव, जाड मूर्तीला एक रात्र किंवा त्याहून जास्त लागते. इथे एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: पुरती वाळलेली शाडूच झटपट विरघळते. कोरड्या मातीच्या छिद्रांतून पाणी झपाट्याने आत शिरतं, आतली हवा बाहेर ढकलली जाते आणि माती पापुद्र्यांसारखी सुटत जाते. आतून ओलसर राहिलेल्या मातीत छिद्रं आधीच पाण्याने भरलेली असतात, त्यामुळे ती गोळ्यासारखी बसून राहते. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात घाईने रंगवलेल्या मूर्ती विरघळायला वेळ घेतात त्याचं हे एक कारण. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला प्लास्टर दिलं. मूर्तिकाराने पुरतं वाळवण्याचे चार दिवस वाचवले, आणि बदल्यात गिऱ्हाईक गमावलं.

पीओपीचा हिशेब वेगळा. पाण्यात घट्ट झालेलं पीओपी म्हणजे पुन्हा जिप्समच, आणि एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन ते अडीच ग्रॅम विरघळतं. 20 लिटरच्या बादलीत झाले 40 ते 50 ग्रॅम. तीन किलोची मूर्ती पूर्ण विरघळवायला 1200 ते 1500 लिटर साधं पाणी लागेल. म्हणून महिनाभर ठेवली तरी ती तशीच दिसते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय दिला आणि पुणे महापालिका ही पावडर नागरिकांना मोफत वाटत आली आहे. जिप्सम आणि ही पावडर यांची क्रिया होऊन खडूची भुकटी (कॅल्शियम कार्बोनेट) खाली बसते आणि अमोनियम सल्फेट पाण्यात राहतं. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक किलो जिप्समला साधारण 920 ग्रॅम पावडर लागते, म्हणजे ढोबळमानाने मूर्तीच्या वजनाइतकी. तीन किलोच्या मूर्तीला एक पाकीट टाकून ‘काहीच होत नाही’ म्हणणारे इथेच चुकतात. बादली गॅलरीत ठेवायची, कारण अमोनियाचा वास येतो आणि वायू सुटतो. झाकण घट्ट लावायचं नाही. दिवसातून दोन-तीनदा काठीने हलवायचं. दोन-तीन दिवस धरून चालायचं, मोठ्या मूर्तीला त्याहून जास्त. वरचं पाणी खत म्हणून वापरायचं तर भरपूर पातळ करून आणि शोभेच्या झाडांना. रंग कुठले होते हे माहीत नसताना ते भाजीच्या वाफ्यात घालू नये.

मार्केटिंगच्या बाजूने पाहिलं तर इथे एक गंमत घडते. पावडर मिळते म्हटल्यावर काही विक्रेते पीओपीच्याच मूर्तीला ‘घरी विसर्जनयोग्य’ म्हणू लागतात. वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण मूर्तीचा गुण म्हणून जे सांगितलं जातं, तो प्रत्यक्षात गिऱ्हाइकाने करायचा खटाटोप असतो.

बीजगणपतीचीही अशीच कथा. लाल माती, शेणखत आणि पोटात बिया, ही कल्पना लोकांना फार भावते, कारण त्यात निरोपाचं दुःख कमी होतं. पण नऊ इंचांच्या मूर्तीच्या मध्यभागी तुळशीचं बी ठेवलं तर ते उगवणार नाही. तुळशीचं बी मोहरीहून बारीक असतं, त्याला वर जेमतेम काही मिलिमीटर माती चालते. भेंडीचं बी दोन सेंटिमीटर खोलीवरूनही वर येतं. आणि बी जर माती ओली असतानाच मिसळलं, तर मूर्ती वाळायच्या आत ते एक तर मोडावतं किंवा कुजतं. जाणकार कारागीर मूर्ती वाळल्यावर पाटाजवळ भोक ठेवून त्यात बी घालतात, किंवा बियांची पुडी वेगळीच देतात. पुडी हा सगळ्यांत प्रामाणिक मार्ग, फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही. विसर्जनही बादलीत न करता मोठ्या कुंडीत मूर्ती ठेवून वरून तांब्याने पाणी घालत करायचं; आठवडाभर पाण्यात बुडालेलं बी उगवत नाही.

कायदा कुठे उभा आहे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 12 मे 2020 रोजी मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. त्यावर महाराष्ट्रात बरीच कोर्टबाजी झाली. 9 जून 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा दिली, पण परवानगीशिवाय त्या नैसर्गिक पाण्यात सोडता येणार नाहीत असं सांगितलं. पुढे जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावातच करायचं ठरलं. मुंबईत महापालिका असे दोनशेहून अधिक तलाव उभारते आणि मूर्तिकारांना शाडूही मोफत देते. गोव्यात पीओपीच्या मूर्तींवर बंदी आहे आणि चिकणमातीच्या मूर्तिकारांना सरकारी अनुदान मिळतं. परिणाम असा की गोव्यात माती हा वेगळा ‘हिरवा’ पर्याय म्हणून विकावाच लागत नाही. तिथे मूर्ती म्हटली की चिकणमातीची. ग्राहकाची आवड घडवण्यात पाटीपेक्षा बाजारात काय उपलब्ध आहे याचा हात केवढा मोठा असतो, ते यावरून कळतं.

पाटीवरच्या शब्दांनाही आता कायदा लागू आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 15 ऑक्टोबर 2024 रोजी ग्रीनवॉशिंगविरोधी, म्हणजे पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘पृथ्वीसाठी चांगलं’ असे मोघम शब्द पुरेसं स्पष्टीकरण आणि पुरावा दिल्याशिवाय वापरायचे नाहीत. दावा संपूर्ण वस्तूबद्दल आहे, तिच्या एखाद्या भागाबद्दल आहे की वेष्टनाबद्दल, हे सांगायचं. ‘कंपोस्टेबल’, ‘बिनविषारी’, ‘100 टक्के नैसर्गिक’ अशा ठोस दाव्यांना प्रमाणपत्र, विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा किंवा स्वतंत्र पडताळणी लागते. ही तत्त्वं उत्पादकापुरती नाहीत, व्यापारीही त्यांत येतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नाक्यावरच्या स्टॉलवर उद्या कोणी धाड घालेल असं नाही, पण ऑनलाइन बुकिंग घेणाऱ्यांनी आपल्या पानावरचे शब्द एकदा वाचून घ्यावेत.

त्याच सणातल्या प्रसादाच्या पिशव्या आणि वाट्या पाहा, म्हणजे घरी न तपासता येणारा दावा कसा असतो ते कळेल. पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ लिहिलं असेल तर ती आयएसओ 17088 या मानकाला उतरायला हवी, आणि केंद्रीय मंडळाचं प्रमाणपत्र विक्रेत्याकडे हवं. पण त्या मानकाची चाचणी होते ती साधारण 58 अंशांच्या तापलेल्या कंपोस्टमध्ये, 180 दिवसांच्या मुदतीत. गॅलरीतल्या कुंडीत एवढं तापमान येत नाही, आणि ओढ्यात तर नाहीच. इथे गिऱ्हाईक करणार काय? प्रमाणपत्राचा क्रमांक बघायचा आणि भरवसा ठेवायचा. त्यापेक्षा पत्रावळ आणि द्रोण.

मूर्तीसोबत द्यायचं कार्ड

मूर्तिकारांना आणि बचत गटांना आमचा सल्ला असा की पाटीवरून ‘इको-फ्रेंडली’ काढूनच टाका. त्याजागी प्रत्येक मूर्तीसोबत पोस्टकार्डाएवढं कार्ड द्या. त्यावर उंची, वजन, माती कुठली, मातीत दुसरं काय (काहीही नसेल तर ‘काही नाही’), आत तार, काथ्या किंवा लाकडाची काडी आहे का, रंग कुठला आणि विरघळायला किती वेळ लागतो, एवढं लिहा. नमुना म्हणून: ‘उंची 11 इंच. शाडू, मिश्रण नाही. मानेत बांबूची एक काडी आहे, ती काढून घ्यावी. पाण्यातला पातळ रंग, वार्निश नाही. 20 लिटरच्या बादलीत एका रात्रीत विरघळते.’ यात कुठेही पृथ्वी नाही, हिरवं पान नाही. आणि यातलं प्रत्येक वाक्य गिऱ्हाईक घरी तपासू शकतो.

वेळ अंदाजाने लिहायचा नाही. त्या लॉटमधली एखादी मोडकी मूर्ती घ्या, पण पूर्ण रंगवलेली. कच्ची माती बुडवून काढलेला वेळ खोटाच ठरतो. ती मुकुटापर्यंत बुडवा, वेळ मोजा, आणि कार्डावर त्याहून थोडा जास्त वेळ छापा. आठ तास लागले तर ‘एका रात्रीत’ म्हणा. गिऱ्हाइकाची मूर्ती सहा तासांत बसली की तो आपणहून चार जणांना सांगतो. ‘दोन तासांत’ लिहून ती सहा तासांत बसली तर तक्रार करतो. मूर्ती तीच, शाडू तीच.

जमल्यास स्टॉलवर काचेची बरणी ठेवा आणि रोज सकाळी तिच्यात रंगवलेला एक तुकडा टाका, शेजारी पीओपीचा तेवढाच तुकडा दुसऱ्या बरणीत. पहिल्या दिवशीचा शाडूचा गाळ आणि आठ दिवसांचा जसाच्या तसा प्लास्टरचा कान, हे शेजारी शेजारी दिसले की विक्रेत्याला बोलावं लागत नाही. बरणीतलं पाणी रोज बदला, नाहीतर गढूळ पाण्यात काहीच दिसत नाही.

राहिला शाडूचा प्रश्न. तीही खाणीतून येते आणि संपणारी आहे, हे पाटीवर कोणीच लिहीत नाही. विसर्जनानंतर ती नळाच्या मोरीत ओतली तर पाइप तुंबतो, कुंडीत नुसती ओतली तर सुकून दगड होते आणि मुळांना हवा मिळत नाही. कुंडीत घालायचीच तर एक भाग शाडूला चार-पाच भाग माती आणि शेणखत. त्याहून चांगलं म्हणजे परत देणं. पुण्यात ‘पुनरावर्तन’ या मोहिमेत घरोघरची शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत दिली जाते. एखादा मूर्तिकार हे स्वतःच्या गिऱ्हाइकांपुरतंही करू शकतो. बादलीतलं वरचं पाणी निथळून काढायला सांगायचं, गाळ जुन्या सुती कापडावर पसरून वाळवायचा, वाळलेल्या वड्या कापडी पिशवीतून आणायला सांगायच्या. पुढच्या वर्षीच्या मूर्तीवर किलोमागे ठरावीक सूट द्यायची. पिशवी घेताना फुलं, कापूस, खडे, टाचण्या निघतात, त्या वेचायच्या. माती पुन्हा भिजवून चाळणीतून गाळली की वर तरंगणारे रंगाचे पापुद्रे काढून टाकता येतात. उरलेल्या रंगाची छटा मातीत राहते, म्हणून अशी माती नव्या शाडूत मिसळून पाटासाठी आणि उंदरासाठी आधी वापरावी, चेहऱ्यासाठी नको. सूट घ्यायला गिऱ्हाईक साधारण वैशाख-ज्येष्ठात येतो, आणि आला की बुकिंग करूनच जातो.